चित्र विकले तरी हक्क उरतो

घरच्या माणसाने काढलेली चित्रे त्याच्या पश्चात केवळ आठवण म्हणून उरतात, हे मत मला मान्य नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, चित्र विकले तरी त्याच्या प्रती छापण्याचा हक्क, तो लेखी करून दिला नसेल तर, सहसा चित्रकाराकडेच राहतो (पैसे देऊन काढवून घेतलेले चित्र मात्र याला अपवाद आहे) आणि त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो.

माझे वडील दिवसभर दुकानांच्या पाट्या रंगवत आणि रात्री जलरंगात नदीचे घाट काढत. त्यांनी ४०० रुपयांना विकलेले एक चित्र, कोपऱ्यातली सही कापून, एका व्यापाऱ्याच्या कॅलेंडरवर छापले गेले, तेव्हा हा कायदा आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हता. आईने ते कॅलेंडर बारा महिने भिंतीवर ठेवले.