ठणका, कळ, चमक, तिडीक : नेमकं कसं दुखतंय?

डॉक्टरांनी 'कसं दुखतंय?' विचारलं की बरेच जण 'खूप दुखतंय' म्हणतात. किती ते कळलं, कसं ते राहूनच गेलं. बोलताना आपल्याकडे इतके शब्द आहेत, पण लिहायला बसलं की सगळीकडे 'वेदना'च येते. ठणका, कळ, चमक यांत तुम्ही काय फरक करता? आणि कण्हणं, विव्हळणं, कळवळणं यांत?

प्रतिसाद १

ठणका थांबत नाही, नाडीबरोबर उडतो : किडलेली दाढ, पिकलेलं नखुरडं. गळू ठसठसतं तेही याच जातीचं, जरा सौम्य. कळ येते आणि जाते, मध्ये उसंत देते. म्हणून बाळंतपणात 'कळा' येतात, ठणका लागत नाही. चमक बहुधा हालचालीबरोबर येते, वाकायला जावं आणि कमरेत भरावी. क्रियापदंही ठरलेली आहेत. ठणका लागतो, कळ येते, चमक भरते, पोटात मुरडा पडतो, उभं राहून पायाला रग लागते. ही अदलाबदल केली की वाक्य लगेच परकं वाटतं.

दारात बोट चेंगरलं तर हे सगळं ओळीने अनुभवायला मिळतं. आधी मस्तकात जाणारी कळ, मग क्षणभराने पसरत जाणारी आग. दोन वेगळ्या जातींचे मज्जातंतू हे संदेश नेतात. पहिला संदेश जातो सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने, दुसरा २ मीटरपेक्षाही कमी. ठणका त्याहून उशिरा, बोट सुजायला लागल्यावर. आणि आपण नकळत बोट चोळतो, त्यालाही कारण आहे. मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये मांडलं की स्पर्शाचे संदेश वेदनेच्या संदेशांना मज्जारज्जूतच अडवू शकतात.

याच रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये रुग्णांसाठी ७८ शब्दांची प्रश्नावली तयार केली, २० गटांत लावलेली. रुग्णाने आपल्या दुखण्याला जुळणारे शब्द निवडायचे. दुखण्याची जात शब्दातून कळते, हे तिथे गृहीतच आहे. मराठीत तसे गट लावायला बसलं तर हुळहुळणं, चुरचुरणं, भगभगणं एवढ्यावरच एक गट भरेल! हुळहुळणं मला त्यात फार नेमकं वाटतं : उन्हाने भाजलेल्या कातडीला नुसता कपडा लागला तरी सहन होत नाही, ते.

प्रतिसाद २

तिडीक आणि सणक राहिल्या. दोन्ही डोक्यात जातात, आणि दोन्ही रागालाही चालतात. ठणका रागाला चालत नाही.

प्रतिसाद ३

'कळ काढणे'चं काय? 'जरा कळ काढ' म्हणजे सोस, थांब. 'त्याची कळ काढू नकोस' म्हणजे खोडी काढू नकोस. संदर्भ नसेल तर गोंधळ होतो, म्हणून पहिल्या अर्थाने मी 'कळ सोसणे' लिहितो.

प्रतिसाद ४

मूळ प्रश्नाचा उरलेला भाग घेते. कण्हणं हलकं आणि लांबत जाणारं, तापात झोपेतही चालतं. विव्हळणं मोठ्याने, आवरता न येणारं. तळमळण्यात आवाज नसला तरी चालतो, कूस बदलणं महत्त्वाचं. कळवळणं आपल्या दुखण्याने होतं तसं दुसऱ्याचं बघूनही होतं, आणि 'कळवळा' तर आता दुसऱ्यासाठीच उरला आहे.

एक मात्र आग्रहाने सांगते. 'तो कण्हतही नाही, म्हणजे फारसं दुखत नसेल' असं लिहू नये, म्हणूही नये. वेदनेच्या अभ्यासाची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने २०२० मध्ये व्याख्या सुधारली तेव्हा सोबतच्या टिपांत हे स्पष्ट नोंदवलं : सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असं होत नाही, आणि जो सांगतो त्याचं म्हणणं मानावं. बोलता न येणाऱ्या लहान मुलांसाठी १९९७ पासून एक मोजपट्टी वापरात आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घालून शांत होणं, अशा पाच गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला ० ते २ गुण. पाय आखडून घेतलेत का, हेही त्यात मोजतात.