इसे जिंगूच्या दर्शनाचा क्रम आणि रीत

पायवाट: नमस्कार मंडळी. जपानमधल्या इसे जिंगूचं गेकू आणि नाइकू ही दोन्ही देवस्थानं एकाच दिवशी करायची आहेत. आधी कुठे जावं? हात धुण्याची, टाळ्यांची नेमकी रीत काय? फोटो चालतात का?

निळीवाट: आधी गेकू, मग नाइकू, हाच जुना क्रम. गेकू इसेशी स्थानकापासून पायी अगदी जवळ आहे. तिथे अन्नदेवता तोयोउके, नाइकूत सूर्यदेवता अमातेरासु. दोन्ही पहाटे ५ ला उघडतात. बंद व्हायची वेळ ऋतूप्रमाणे बदलते. गेकूसमोरून नाइकूची बस मिळते, पण सुट्टीच्या दिवशी रस्ता तुंबतो, म्हणून सकाळीच निघा. गेकूत डावीकडून चालायचं, नाइकूत उजवीकडून. तोरी कमानीपाशी थांबून वाका, मगच आत जा.

ओंजळ: हात धुताना एकदाच पळी भरायची, सगळं तेवढ्याच पाण्यात. पळी उजव्या हातात धरून डावा हात धुवा, मग हात बदलून उजवा. पुन्हा उजव्यात घेऊन डाव्या तळव्यावर पाणी ओता आणि त्याने चूळ भरा. डावा हात परत धुवा. शेवटी पळी उभी करा, म्हणजे उरलेल्या पाण्याने दांडा धुतला जातो. बहुतेकांचं पाणी पहिल्या हातावरच संपतं. थोडं थोडंच ओता. पळीला ओठ लावायचे नाहीत, चूळ हौदात टाकायची नाही. नाइकूत इसुझु नदीच्या काठावरही हात धुता येतात.

निळीवाट: मुख्य देवळापुढे दोनदा खोल वाकणं, दोन टाळ्या, मग एकदा वाकणं. टाळ्यांआधी उजवा तळवा किंचित खाली सरकवतात. (इझुमो ताइशा या जपानमधल्या दुसऱ्या देवस्थानात मात्र चार टाळ्या.) मुख्य देवळात फक्त आभार मानायचे. वैयक्तिक मागणं आवारातल्या उपदेवळांपुढे: नाइकूत आरामात्सुरीनोमियापुढे, गेकूत ताकानोमियापुढे. ताकानोमियाला ९८ दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. नाइकूत फोटो मुख्य देवळाच्या पायऱ्यांखालूनच, वर कॅमेरा काढू नका. शेजारचा पांढऱ्या खड्यांचा मोकळा चौक जरूर पाहा. दर २० वर्षांनी देऊळ तिकडे नव्याने बांधतात. मागचं स्थलांतर २०१३ मध्ये झालं, पुढचं २०३३ मध्ये.

ओंजळ: गोशुइन, म्हणजे दर्शनाची खूण म्हणून वहीत मिळणारा देवळाचा शिक्का, दर्शनानंतरच घ्या. इथे शिक्का आणि तारीख एवढंच असतं, इतर देवळांसारखं मोठं सुलेखन मागू नका.