धर्मग्रामाचे स्थापना वर्ष कसे ठरवावे? (वसई परिसर)

सागरतीर यांचा प्रश्न

नमस्कार. उत्तर वसईतील एका लहान गावच्या आमच्या धर्मग्रामाची (म्हणजे एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती समाजाची, पॅरिशची) स्मरणिका निघत असून, तिच्यातील आरंभीच्या इतिहासाचे प्रकरण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी पहिल्याच पानावर अडलो आहे. चर्चच्या मुख्य दरवाजावर एक दगड बसवलेला आहे, त्यावर सतराव्या शतकातील एक वर्ष कोरलेले आहे, आणि सणाच्या पत्रिकेवर दरवर्षी तेच स्थापना वर्ष म्हणून छापले जाते. गावातील वृद्ध मंडळी मात्र सांगतात की पहिले देऊळ (आमची जुनी माणसे चर्चला देऊळच म्हणत) तळ्याच्या पलीकडे होते. त्या जागी आज भातखाचर आहे आणि नांगरणीच्या वेळी तिथे अजूनही चुन्याचे गोळे आणि कौलांचे तुकडे वर येतात.

प्रमुख धर्मगुरूंच्या परवानगीने मी जुन्या वह्याही पाहिल्या. स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) सर्वांत जुनी वही एकोणिसाव्या शतकातील आहे, तीही पोर्तुगीज भाषेत. त्याआधीच्या वह्या गेल्या कुठे? मराठी अंमलात आमचे चर्च बंद होते का? आणि स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर कोणते वर्ष छापणे प्रामाणिकपणाचे ठरेल?

जुनीपाने यांचे उत्तर

आपला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण बाकीचा गोंधळ त्यातूनच निर्माण होतो. ‘स्थापना’ या एकाच शब्दाखाली आपण तीन वेगळ्या घटना एकत्र करतो. गावात ख्रिस्ती कुटुंबे राहू लागणे ही पहिली, त्यांच्यासाठी प्रार्थनेची वास्तू उभी राहणे ही दुसरी, आणि त्या गावाला स्वतःचा धर्मगुरू व स्वतःची हद्द मिळून धर्मग्राम म्हणून मान्यता लाभणे ही तिसरी. या तीन घटना एकाच वर्षी घडल्या असे क्वचितच आढळते. एखाद्या गावी आधी नुसता क्रूस असे, मग गवताने शाकारलेले कपेल (लहान प्रार्थनागृह) होई, शेजारच्या धर्मग्रामातून धर्मगुरू ठराविक दिवशी येऊन मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) करीत, आणि दगडी चर्च होईपर्यंत एखादी पिढी निघून जाई.

गुजरातच्या बहादुरशहाने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर या पट्ट्यात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाचे मठवासी आले, आणि त्यांच्यातील आंतोनियो दो पोर्तो यांचे नाव वसई व साष्टीच्या आरंभीच्या कार्याशी कायमचे जोडले गेले आहे. १५४८ पासून जेझुइटही वसईत स्थिरावले. डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन त्यांच्या मागून आले. म्हणून आपले गाव यांपैकी कोणत्या संघाकडे होते, हे आपण प्रथम शोधावे. जेझुइटांची वार्षिक पत्रे रोममधील त्यांच्या संग्रहात आहेत. फ्रान्सिस्कनांच्या हकिकती वेगळ्या ठिकाणी सापडतात. संघ चुकीचा धरला, तर वर्षभराचे श्रम वाया जातील.

दगडाविषयी एक विनंती आहे. केवळ आकडा वाचू नका, आकड्याच्या आजूबाजूची अक्षरेही वाचा. पोर्तुगीजमध्ये ‘रिएदिफिकादा’ म्हणजे पुन्हा बांधलेली. हा शब्द, किंवा त्याची चार अक्षरे जरी सापडली, तरी तो दगड पहिल्या चर्चचा नसून दुसऱ्या, कदाचित तिसऱ्या बांधकामाचा आहे असे समजावे. तळ्यापलीकडच्या देवळाची आठवण मग दंतकथा म्हणून बाजूला सारता येणार नाही.

दप्तरी यांचे उत्तर

मी अनेक वर्षे अशा नोंदवह्या वाचत आलो आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

विवाहाच्या आणि स्नानसंस्काराच्या नोंदी ठेवण्याचा नियम ट्रेंट येथील कॅथलिक धर्मसभेने १५६३ मध्ये सर्वत्र लागू केला, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यू, दृढीकरण (स्नानसंस्कारानंतरचा एक संस्कार) व घरोघरची माणसे यांच्याही वह्या सांगितल्या. त्यामुळे आपल्या गावी त्या काळी धर्मगुरू असतील, तर वह्याही असणारच. त्या नष्ट होण्यामागे एखादी मोठी आपत्ती शोधत बसण्याची गरज नसते. कोकणातला पावसाळा आणि वाळवी एवढी दोनच कारणे पुरेशी आहेत. शाईचाही दोष असतो. हिराकस आणि मायफळ यांपासून केलेली ती शाई कालांतराने कागदच खाते, आणि पान उलटताना अक्षरांच्या जागी अक्षरांच्या आकाराची भोके उरतात. कृपा करून अशी पाने स्वतः चिकटवू नका, आणि त्यांवर पारदर्शक चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. एका ठिकाणी सद्भावनेने लावलेल्या अशा पट्टीखाली दोन पानांवरची नावे पुरती पिवळी पडून गेलेली मी पाहिली आहेत, आणि ती पुन्हा मिळणार नाहीत.

वाचताना एक फसगत नेहमी होते. महिन्याच्या जागी ७ हा आकडा आणि त्यापुढे ‘ब्रे’ अशी अक्षरे दिसली, तर तो जुलै नव्हे. लॅटिनमध्ये सात म्हणजे ‘सेप्तेम’, म्हणून तो सप्टेंबर. त्याच रीतीने ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर, आणि एक्स या रोमन दहाच्या खुणेने डिसेंबर लिहीत. वर्ष बहुधा अक्षरी लिहिलेले असते, आणि ते नोंदीच्या पहिल्याच ओळीत येते. धर्मपिता आणि धर्ममाता (स्नानसंस्काराच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणारे) यांची नावे तर अवश्य उतरवून घ्या. ती शेजारच्या गावांची असतील, तर आपले लोक कोणत्या जुन्या धर्मग्रामातून फुटून वेगळे झाले याचा माग त्यांतूनच लागतो, आणि आपल्या हरवलेल्या आरंभीच्या नोंदी त्या मातृधर्मग्रामाच्या वह्यांत सापडण्याची शक्यता असते.

किनारा यांचे उत्तर

मराठी अंमलाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या विषयावर दोन्ही बाजूंनी घाईने बोलले जाते.

चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढे वसईचा किल्ला मे १७३९ मध्ये शरण आला. काही ठिकाणी ५ मे आणि काही ठिकाणी १६ मे अशी तारीख दिसते, त्याचे कारण इंग्रजांच्या जुन्या आणि पोर्तुगीजांच्या नव्या पंचांगातील अकरा दिवसांचा फरक. स्मरणिकेत एकच तारीख सर्वत्र ठेवावी. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी, हे शरणागतीच्या अटींत होते. युरोपीय मठवासी मात्र निघून गेले, त्यांच्या मठांचे उत्पन्न संपले, आणि विजयाची खूण म्हणून चर्चच्या घंटा नेल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१, तर वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे वर्ष आजही दिसते.

त्यानंतर गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनी ही गावे सांभाळली. एकेका धर्मगुरूकडे अनेक गावे असत, आणि अशा वेळी मधल्या दिवसांची प्रार्थना गावकरीच चालवीत. म्हणून ‘चर्च बंद होते का’ या प्रश्नापेक्षा ‘तिथे धर्मगुरू राहत होते का’ हा प्रश्न विचारणे अधिक योग्य ठरेल. छप्पर कोसळलेले असतानाही धर्मग्राम जिवंत असू शकतो.

कागदपत्रे शोधताना अधिकार बदलत गेले हे ध्यानात ठेवावे. वसई दीर्घकाळ गोव्याच्या महाधर्मप्रांताखाली (आर्चबिशपांच्या अधिकारक्षेत्रात) होती, १८८६ नंतर दमणच्या धर्मप्रांतात गेली, पोप व पोर्तुगाल यांच्यातील १९२८ च्या करारानंतर दमणचा धर्मप्रांत संपून ती मुंबईकडे आली, आणि वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला. यांतील ज्या काळाचा कागद हवा असेल, त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या दप्तरात तो शोधावा लागतो. बिशपांच्या भेटीचे अहवाल विशेष मोलाचे असतात, कारण त्यांत चर्चची स्थिती, घंटा, वस्त्रे आणि घरांची संख्यादेखील लिहिलेली असते.

सागरतीर

आपणा तिघांचा मी मनापासून ऋणी आहे. काल संध्याकाळी शिडी लावून दगड पाहिला. चुन्याचे थर चढलेले असल्यामुळे समोरून काहीच कळत नव्हते, म्हणून बाजूने विजेरीचा तिरपा प्रकाश टाकला. आकड्याच्या डावीकडे ‘रिएदिफ’ एवढी अक्षरे स्वच्छ उमटली. खाली शिडी धरून उभ्या असलेल्या आमच्या सॅक्रिस्टनना (चर्चची व्यवस्था पाहणाऱ्यांना) मी ती मोठ्याने वाचून दाखवली. मुखपृष्ठावर आता वर्ष छापणार नाही. आत मात्र त्या दगडाचे छायाचित्र ‘पुनर्बांधणीचे वर्ष’ अशा ओळीसह येईल, आणि तळ्यापलीकडच्या खाचराचेही.

वहीतील एक नोंद मी परत वाचली. बाळाच्या जिवाला धोका असल्यामुळे सुईणीने घरीच स्नानसंस्कार दिला आणि पुढचे विधी नंतर चर्चमध्ये झाले, असे तिच्यात लिहिले आहे. धर्ममाता शेजारच्या धर्मग्रामातील आहे. पुढच्या आठवड्यात तिथल्या धर्मगुरूंना भेटण्याची वेळ मी मागून घेतली आहे.