हिवतापाची गोळी, काळी लघवी आणि ‘नॉर्मल’ रिपोर्ट: आपल्या लोकांच्या जनुकांवरचा अभ्यास शोधायचा कुठे?

तळोदेकर_मेडिकल
राम राम मंडळी. तळोद्याला माझं मेडिकल आहे. गेल्या वर्षी ते धाकट्या भावाच्या हवाली केलं आणि एम.फार्म.ला बसलो. सरांनी विषय दिलाय, जनुकांमुळे औषधाचा परिणाम कसा बदलतो. मी लगेच हो म्हटलं, कारण आमच्याच काउंटरवर घडलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या सालदाराच्या पोराला हिवताप निघाला, व्हायव्हॅक्स प्रकारचा. वय सतरा, पावरा आदिवासी, मूळचे धडगावकडचे. चौदा दिवसांच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाप पाण्याच्या बाटलीत लघवी घेऊन दुकानात आला. अगदी कोरा चहा. मी बाटली ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली आणि म्हणालो, पाणी कमी पडतंय त्याला. ओआरएसच्या चार पुड्या दिल्या नि वाटेला लावलं. गोळ्या थांबव असं तोंडातून निघालं नाही. दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे, चार पावलं टाकता येईनात. नंदुरबारला नेलं, रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. वाचला. जी६पीडी म्हणजे लाल पेशींतलं एक एन्झाइम, ते कमी असेल तर या गोळीने पेशी फुटतात. त्याची तपासणी दहाव्या दिवशी केली, तर रिपोर्ट ‘नॉर्मल’.

आता शोधायला बसलो की पहिल्या पानावर ‘थुंकी पाठवा, कोणतं औषध चालेल ते सांगतो’ असल्या जाहिराती. त्याखाली लेख, ते पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. भिल्ल-पावरा लोकांवर कुणी काम केलंय का? सुरुवात कुठून करू? आणि रिपोर्ट नॉर्मल आहे तर माझा संशयच खोटा का?

धुळ्याच्या_बाई
फार्माकॉलॉजी शिकवण्यात हयात गेली, म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

शोधाशोध नंतर, आधी तो रिपोर्ट. दहाव्या दिवशीची तपासणी धरायचीच नाही. एन्झाइम कमी असलेल्या जुन्या पेशी तोवर फुटून गेलेल्या असतात. उरतात त्या कोवळ्या, आणि त्यांत एन्झाइम चांगलं असतं. त्यात तुम्ही दोन पिशव्या परक्याचं रक्त घातलेलं. मग तपासलं कुणाचं? लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. तीन महिने जाऊ देत, डॉक्टरांना सांगून परत कर. शिवाय त्याच्या आईला विचार, माहेरच्या पुरुषांत कुणाला असं झालं होतं का. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, मुलाला ते आईकडूनच येतं.

तुला विषय नकळत नेमका मिळालाय बरं का. प्रायमाक्विनने काही जणांचंच रक्त का फुटतं, हा प्रश्न अमेरिकेत इलिनॉयच्या तुरुंगात कैद्यांवर हिवतापाची औषधं तपासताना पुढे आला. (कैद्यांवर! त्यावर वेगळं बोलू कधीतरी.) कारण सापडलं १९५६ मध्ये: पेशीतलं हेच एन्झाइम कमी. ‘फार्माकोजेनेटिक्स’, म्हणजे तुझाच विषय, हा शब्द फ्रीडरिख फोगेल यांनी त्यानंतर, १९५९ मध्ये वापरात आणला.

पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, शोधताना नुसतं ‘जी६पीडी’ टाकू नकोस. जुन्या भारतीय लेखांत एन्झाइमचं पूर्ण नाव, ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, असतं, दोन्ही टाक. पावरा, भिल्ल यांची इंग्रजी स्पेलिंगं प्रत्येकाने आपल्या मनाने केलीत, तीन-चार करून पाहा. आणि हे विद्यार्थी हमखास विसरतात: नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधीच्या लेखांत तुझा सगळा सातपुडा ‘धुळे’ नावाखाली आहे.

अमळनेर_ते_हिंजवडी
बाईंचा धुळ्याचा मुद्दा भारी, मला स्वतःला सुचला नसता.

मी जिनोमच्या डेटावर काम करतो, त्यामुळे डेटाबेसचं सांगतो. पहिलं दार फार्मजीकेबी. स्टॅनफर्डवाल्यांनी २००० मध्ये सुरू केलं, आता क्लिनपीजीएक्स नावाच्या साइटवर मिळतं, फुकट. औषध टाक किंवा जनुक टाक, दोघांचा संबंध किती भरवशाचा ते १ए (सगळ्यात पक्का) पासून ४ (सगळ्यात कच्चा) पर्यंतच्या पायऱ्यांत दिसतं. ३ आणि ४ वाचून कुणाला सल्ला देऊ नकोस. तिथूनच सीपिकच्या, म्हणजे जनुक पाहून औषध कसं द्यावं ते सांगणाऱ्या तज्ज्ञगटाच्या, मार्गदर्शिका सापडतील. जी६पीडीवरची पहिली २०१४ ची, ती रॅसब्युरिकेज या एकाच औषधापुरती होती. २०२२ ला वाढवून त्यात बरीच औषधं घेतली, तुझी गोळीही. फक्त एक ध्यानात ठेव: रिपोर्ट हातात असेल तर पुढे काय करायचं, एवढंच सीपिक सांगतं. तपासणी करावी की नाही, यात ते पडत नाहीत. माझ्या ओळखीच्या दोघांनी प्रबंधात नेमकं हेच उलटं लिहिलं आणि तोंडी परीक्षेत मार खाल्ला.

खरी गोम पुढे आहे. डेटाबेसमध्ये ‘दक्षिण आशियाई’ असा रकाना दिसला की आपण खूश होतो. पण ते लोक कोण? १००० जिनोम्स प्रकल्पात गुजराती आहेत, ते ह्यूस्टनमध्ये राहणारे. तेलुगू आणि श्रीलंकेचे तमिळ इंग्लंडमधले. पंजाबी लाहोरचे, बंगाली बांगलादेशातले. झालं, संपला दक्षिण आशिया! तुझ्या सालदाराचा पोरगा त्यात कुठे आहे? म्हणून कुठलाही टक्का उचलण्याआधी नमुने कुणाचे, ते बघ. आपल्याकडचं म्हणशील तर दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेचा इंडिजेन प्रकल्प, १,०२९ जिनोम, ऑनलाइन चाळता येतो. जिनोम इंडियाचा डेटा मोठा, ८३ लोकसमूह, सुमारे १०,००० माणसं. तो फरिदाबादच्या डेटा सेंटरवर आहे, पण अर्ज करावा लागतो. सर सही करणार असतील तर आत्ताच लागा.

जी६पीडीच्या प्रकारांना बहुधा ठिकाणांची नावं असतात. भूमध्य, ओरिसा, केरळ-कल्याण हे भारतात सापडणारे. कल्याण म्हणजे आपलंच, लोकलवालं.

रावेरचा_केळीवाला
मधेच घुसतो, माफ करा. आईला स्टेंट टाकलाय, गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल चालू आहे. व्हॉट्सॲपवर आलंय की आपल्या लोकांना ती गोळी लागूच पडत नाही. बंद करू का?

अमळनेर_ते_हिंजवडी
नाही भाऊ, एक दिवसही नाही! स्टेंटमध्ये गुठळी होईल. ती गोळी शरीरात गेल्यावर सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम तिला कामाला लावतं, काहींत ते मंद असतं, एवढं खरं. तशांना दुसरं औषध देता येतं. आईच्या हृदयवाल्या डॉक्टरांना विचारा, मेसेज पुढे पाठवू नका.

सातपुड्यातला_डॉक्टर
तुना सवाल बराबर शे भो. पण प्रायमाक्विनची बदनामी होईल असं काही लिहू नका. व्हायव्हॅक्स यकृतात दडून बसतो, क्लोरोक्विनने रक्तातला मरतो नि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी परत ताप. दडलेला मारायला हीच गोळी. एन्झाइम कमी असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, अशी पद्धत आहे, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली. पाड्यावर मी गोळी देताना एकच सांगतो: लघवी चहासारखी दिसली की गोळी बंद, आणि त्याच दिवशी माझ्याकडे.

बायकांचं वेगळं. त्यांना एक्स दोन, त्यामुळे एन्झाइम अर्धवट असलेल्या बायका झटपट तपासणीत निसटतात. प्रोजेक्टमध्ये फक्त पोरांचे नमुने घेऊन मोकळे होऊ नका. पोराचं सिकलसेलही बघा, आपल्या भागात दोन्ही एकाच घरात सापडतात. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांवरची संस्था आहे, दोन्हींवर त्यांचं जुनं काम आहे. त्यांच्या लेखांखालची संदर्भयादी धरून मागे मागे जा.

तळोदेकर_मेडिकल
चार महिन्यांनी परत येतोय. सगळ्यांचे उपकार.

आमचं कॉलेज खाजगी, त्यामुळे पैसे भरून मिळणारे लेख सरकारी संस्थांना उघडून देणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत बसत नाही. युरोप पीएमसी या फुकट साइटवर बरेच लेख पूर्ण मिळाले. दोन अडले होते, लेखकांना दोन ओळींची ईमेल केली, एकाने त्याच रात्री पीडीएफ धाडली. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या साइटवर, प्रबंध मिळाले, त्यांतली मागच्या पानांवरची कोष्टकं छापील लेखांपेक्षा कामाची. बाई, ‘धुळे’ टाकल्यावर खरंच जुनी पानं निघाली.

पोराची तपासणी परत झाली. एन्झाइम कमी. सरांना दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून दाखवले, ते चष्मा काढून बराच वेळ बघत बसले. सिकलसेल नाही निघाला.

त्याच्या आईला माहेरचं विचारलं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, माझ्या भावाला लग्नाआधी असंच झालं होतं, आम्ही भगताकडे नेलं होतं. त्याला आता तीन मुली आहेत, धडगावच्या वरच्या पाड्यावर. डॉक्टरसाहेब, या मुलींची तपासणी झटपटवाली नको ना? नमुना बर्फात किती तास टिकतो तेवढं सांगा, वरून खाली यायलाच अर्धा दिवस जातो.