पुण्यात पहिला फ्लॅट : मी खराडीला, नवरा हिंजवडीला, एरिया कुठला बघावा?

लातूरकर_पुण्यात

नमस्कार, इथले जुने धागे बरेच वाचले पण आमच्यासारखी केस सापडली नाही म्हणून विचारतेय. आम्ही दोघं आयटीत, माझं ऑफिस खराडीला आणि नवऱ्याचं हिंजवडी फेज २ ला, म्हणजे पुण्याची दोन टोकं. सध्या कर्वेनगरला भाड्याने राहतो. मला आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, त्याला चार. मुलगी दोन वर्षांची आहे, डे-केअरला जाते, आणि सासू-सासरे वर्षातले काही महिने लातूरहून येऊन राहतात, सासऱ्यांचे गुडघे दुखतात त्यामुळे लिफ्ट पाहिजेच.

बजेट ८० लाख, फार ताणलं तर ८५. २ बीएचके हवा. आत्तापर्यंत वाघोली, पुनावळे आणि धायरीला साईट बघून झाल्या, सगळीकडे क्लबहाऊस आहे, स्विमिंग पूल आहे, आणि सगळीकडचे सेल्सवाले हेच सांगतात की समोरून मोठा रोड होणारे, मेट्रो येणारे, आत्ता घ्या नाहीतर रेट हातातून जाईल. नवऱ्याला पुनावळे आवडलंय कारण त्याला जवळ पडतं. मला वाघोली जवळ. घरात यावरून रोज चर्चा चालू आहे आणि निर्णय काही होत नाही.

रेट किती वाढेल हे मला नकोय हो, तिथे पंधरा वर्षं नीट राहता येईल का ते सांगा. एरिया निवडताना नक्की काय बघायचं? जे प्रत्यक्ष राहतायत त्यांनी प्लीज लिहा.

वाघोलीवाली

मी वाघोलीत राहते म्हणून आधी पाण्याचंच लिहिते, कारण सॅम्पल फ्लॅट बघताना लोक टाईल्स बघतात, मॉड्युलर किचन बघतात आणि पाणी कुठून येणार हे विचारतच नाहीत. वाघोली २०२१ मध्ये पुणे मनपात आली, त्या वेळी एकूण २३ गावं आली, त्याआधी २०१७ ला ११ गावं आली होती, तुमची धायरी त्या ११ मधली. पण गाव हद्दीत आलं म्हणजे दुसऱ्या दिवसापासून मनपाचं पाणी आलं असं होत नाही. लाईन टाकायची, टाक्या बांधायच्या, त्याला वर्षं लागतात आणि तोपर्यंत सोसायटी बोअर आणि टँकरवर.

साधा हिशोब करून बघा. माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी माप. २०० फ्लॅटची सोसायटी, घरात चार माणसं धरली तर रोजचं १ लाख ८ हजार लिटर. टँकर १० हजार लिटरचा, म्हणजे बोअर आटला की रोज दहा-अकरा टँकर. हा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि उन्हाळ्यात तो मेंटेनन्स कुठल्या कुठे जातो. त्यामुळे साईटवर जाऊन बिल्डरला विचारू नका, शेजारच्या दोन-तीन वर्षं जुन्या सोसायटीच्या गेटवर जा, वॉचमनला विचारा रोज किती टँकर येतात, आणि कोणी मेंबर भेटला तर मे महिन्याचं मेंटेनन्सचं बिल दाखवा म्हणावं. लोक दाखवतात हो, आम्ही पण दाखवतो, कारण नवीन येणाऱ्याला कळलंच पाहिजे.

आणि टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं, त्यावर काय प्रक्रिया झाली हे पण विचारा. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) पेशंट सिंहगड रोडच्या पट्ट्यात निघाले, नांदेड, किरकटवाडी, धायरी, तेव्हा सगळ्यांचं लक्ष पाण्याकडेच गेलं होतं. तुमच्या घरी दोन वर्षांची मुलगी आणि वयस्कर माणसं आहेत, त्यामुळे हे सगळ्यात आधी बघा, बाकी सगळं नंतर.

नाशिकफाटा

पुनावळे, ताथवडे, वाकड हे पिंपरी-चिंचवड मनपात येतं आणि तिथे २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झालं, हे पण धरून चाला. मारुंजी, नेरे, जांबे अजून पुढे, ती पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हद्द, मनपा नाही, तिथे टँकर जास्त.

प्रवासाबद्दल माझं मत असं की दोघांपैकी एकाच्या ऑफिसजवळ घर घेऊ नका. आयटीत नोकरी किती वर्षं टिकते? तीन-चार वर्षांत कोणीतरी बदलतंच, हिंजवडीचा माणूस खराडीला जातो, खराडीची बाई बाणेरला जाते, कर्ज मात्र वीस वर्षांचं. ऑफिसजवळ म्हणून घेतलेलं घर नोकरी बदलली की लांबचं होतं आणि तेव्हा त्या एरियात दुसरं काही चांगलं नसेल तर फार जड जातं.

त्यापेक्षा आज चालू असलेल्या मेट्रोच्या स्टेशनजवळ बघा. वनाज ते रामवाडी एक लाईन, पिंपरी ते स्वारगेट दुसरी, जिल्हा न्यायालय स्टेशनला बदलता येते. मी कासारवाडीला नाशिक फाट्याच्या स्टेशनजवळ राहतो, बायको मेट्रोने जिल्हा न्यायालय आणि तिथून रामवाडी जाते, पुढे खराडीला शेअर रिक्षा किंवा पीएमपीची बस. मी हिंजवडीला कंपनीच्या बसने. पिंपळे गुरव, दापोडी, बोपोडी इथे रीसेल बघा, तुमच्या दोघांना चालेल. फक्त पिंपळे गुरव आणि सांगवीला नदीच्या कडेचा पट्टा सोडून बघा, पवना आणि मुळा दोन्ही तिथे आहेत.

"येणार" मेट्रोवर एक रुपया जास्त देऊ नका. हिंजवडी ते शिवाजीनगरची तिसरी लाईन, २३ स्टेशनं, तिची मुदत किती वेळा पुढे गेली ते सगळ्यांनी बघितलंय, आणि बिल्डर लोक तिच्या नावावर कित्येक वर्षं फ्लॅट विकतायत. रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडीला केंद्राने २०२५ च्या जूनमध्ये मंजुरी दिली. मंजुरी मिळणं वेगळं आणि आपल्या मुलीला घेऊन त्यात बसणं वेगळं.

शार्दूल

भाड्याने राहा अजून दोन वर्षं. दोन टोकांची नोकरी, लहान मूल, काय घाई आहे.

वाघोलीवाली

शार्दूल, सासू-सासऱ्यांना घेऊन दर अकरा महिन्यांनी अॅग्रीमेंट रिन्यू करायचं, मालक कधी सांगेल मुलगा परत येतोय रूम खाली करा, आणि शाळा सुरू झाल्यावर एरिया बदलायचा, हे सोपं नसतं. त्यांनी घ्यायचं ठरवलंय तर घेण्याबद्दल बोलू. पण ज्या एरियात घ्यायचंय तिथे आधी सहा-आठ महिने भाड्याने राहून बघणं, हे मात्र मला पटतं, त्यात एक पावसाळा नाहीतर एक उन्हाळा यायला हवा.

सिव्हिल_आबा

ताई, मी बांधकाम खात्यातून रिटायर झालोय, पुण्यात बरीच वर्षं साईटवर काढली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं पूररेषा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्याच्या आत बांधकाम नको, निळ्या-लालच्या मध्ये अटी असतात. नदी एवढंच बघून थांबू नका, ओढा बघा. २०१९ च्या २५ सप्टेंबरला आंबिल ओढ्याने रात्रीत काय केलं ते सहकारनगर, अरण्येश्वरच्या लोकांना विचारा, जीव गेले माणसांचे. २०२४ च्या २५ जुलैला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकपर्यंत पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकता नगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. साईटच्या मागे नुसता गवताळ खड्डा दिसत असेल आणि सेल्सवाला त्याला नॅचरल व्ह्यू म्हणत असेल तर गावातल्या जुन्या माणसाला विचारा इथून पूर्वी पाणी वाहायचं का, आणि जोरदार पाऊस पडून गेल्यावर लगेच जाऊन उभं राहून बघा.

दुसरं, रस्ता. ब्रोशरमध्ये १८ मीटर, २४ मीटर डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) दाखवतात. तो नकाशावर असतो, जागा मात्र अजून शेतकऱ्याच्या नावावर असते, मोबदला ठरलेला नसतो, कोर्टात केस असते. मग एका ९ मीटरच्या गावरस्त्यावर दहा सोसायट्यांच्या गाड्या. पुनावळे, वाघोली, उंड्री कुठेही जा, हीच कथा. मनपाच्या ऑफिसातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि डीपीचा भाग नकाशा काढा, शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर कसलं आरक्षण आहे ते पण त्यात कळतं. शेजारी शाळेचं, बागेचं आहे की कचऱ्याचं, स्मशानभूमीचं, हे घर घेण्याआधी माहिती हवं. हांडेवाडी, फुरसुंगीकडे बघणार असाल तर उरुळी देवाची कचरा डेपोचा वास वाऱ्याच्या दिशेवर असतो, संध्याकाळी जाऊन बघा. आणि तळवडे, निगडी, दिघीकडे कोणी स्वस्तात दाखवलं तर लष्कराचा रेड झोन (दारूगोळा कोठाराभोवतीचा बांधकामबंदीचा पट्टा) तपासा.

धायरी, नऱ्हे, आंबेगावात गुंठा-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांवर उभ्या केलेल्या बिल्डिंगा आहेत, स्वस्त असतात, दिसायला छान असतात, पण मंजूर प्लॅन नाही, भोगवटा पत्र (बिल्डिंग राहायला द्यायला हरकत नाही असा दाखला) नाही. बँक कर्ज देत नाही इथेच समजून घ्या. कोणी पतसंस्थेतून कर्ज करून देतो म्हणाला तरी नको.

नवीन बांधकाम असेल तर महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण) वेबसाईटवर प्रोजेक्ट नंबर टाका, त्यात ताबा द्यायची तारीख किती वेळा बदलली, तक्रारी किती, जमिनीवर बोजा आहे का, सगळं दिसतं. करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर पैसे घ्यायचे नाहीत असा कायदा आहे, मागितले तर तिथूनच उठा. पाण्याबद्दल बिल्डरने मनपाला हमीपत्र दिलेलं असतं की पाणी येईपर्यंत मी पुरवीन, त्याची कॉपी मागा.

लातूरकर_पुण्यात

बापरे, किती नीट सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. नवऱ्याला धागा वाचायला दिला. आता दोघांचं एकमत झालंय की वाघोली आणि पुनावळे दोन्ही यादीतून काढायचे. काल रात्री नकाशा घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की आम्ही सध्या राहतो तिथूनच वनाज स्टेशन जवळ आहे, मला मेट्रोने रामवाडी जमतं, आणि नवऱ्याला चांदणी चौकातून बायपासने हिंजवडी. तो नवीन पूल झाल्यापासून त्याचा तिथला वेळ बराच वाचतो. मग वारजे, कर्वेनगर, कोथरूड, बावधन असं बघितलं तर? पण ८० मध्ये तिथे नवीन काही मिळेल असं दिसत नाही, जुनं घ्यावं लागेल. जुन्या बिल्डिंगला लोन मिळतं का आणि वरचा खर्च किती येतो?

मृणाल_वारजे

आम्ही वारज्यात रीसेलच घेतलाय, त्यामुळे लिहिते. मला तर तुमच्यासाठी हाच पट्टा योग्य वाटतो. डे-केअर, शाळा, डॉक्टर, भाजी, मेडिकल सगळं चालत, आणि सासू-सासरे दिवसभर घरी असणार तर त्यांना खाली उतरल्यावर कट्टा, देऊळ, बोलायला माणसं पाहिजेत. नवीन एरियात दुपारी खाली कोणी नसतं, सगळे ऑफिसला, आणि गेटच्या बाहेर फुटपाथ नाही. सासऱ्यांचे गुडघे दुखतात म्हणता ना, मग त्यांना रिक्षा मिळते का, हॉस्पिटल किती लांब, हे तुमच्या ऑफिसच्या अंतरापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, तुम्ही तीन दिवस जाणार, ते रोज तिथे असणार.

आता पैसे. ८० लाखाचा फ्लॅट धरू. ७५ लाखापर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, म्हणजे ६४ लाख, १६ लाख तुमचे. त्यावर स्टॅम्प ड्युटी पुण्यात ७ टक्के, ५ लाख ६० हजार. फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतला तर ६ टक्के, ८० हजार वाचतात, पण नवऱ्याचं नाव जोडलं की ती सवलत नाही. रजिस्ट्रेशन ३० हजार. म्हणजे हातात २२ लाख रोख पाहिजेत आणि त्यात वकील, ब्रोकर, रंगकाम काहीच धरलेलं नाही. तुमचं ८० सगळं मिळून असेल तर फ्लॅट ७२-७३ चा शोधा. रीसेलला जीएसटी नाही, हा मोठा फायदा, बांधकाम चालू असलेल्याला ५ टक्के लागतो. किंमत ५० लाख किंवा जास्त म्हणून १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा, तो विकणाऱ्याच्या पैशातूनच जातो, वेगळा खर्च नाही. सोसायटी ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांच्या वर मागू शकत नाही, आमच्याकडे डोनेशन म्हणून जास्त मागितले होते, आम्ही नियम दाखवला, त्यांनी सोडून दिलं. आणि ताबा घेतल्यावर मिळकत कराची ४० टक्के सवलत मिळवायला पीटी-३ फॉर्म भरायला विसरू नका.

लोन मिळतं, पण बिल्डिंगचं वय जास्त असेल तर बँक मुदत कमी करते आणि मग हप्ता वाढतो. म्हणून टोकन द्यायच्या आधी बँकेच्या माणसाला बिल्डिंगचं वय, मंजूर प्लॅन आणि कम्प्लिशन सर्टिफिकेट दाखवून तोंडी का होईना विचारून घ्या.

सिव्हिल_आबा

मृणालताईंनी बरोबर सांगितलं, त्यात माझी भर. जुन्या सोसायटीत तीन गोष्टी विचारा. कन्व्हेयन्स किंवा डीम्ड कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आली का, नाहीतर पुढे रीडेव्हलपमेंटला अडतं. स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं, १५ वर्षांच्या पुढे दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी करायचं असतं. आणि लिफ्ट. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच तीन-चार मजली बिल्डिंगांना लिफ्टच नाही, रेट कमी दिसतो तो त्यामुळेच. "पुढच्या वर्षी लिफ्ट बसवणार आहोत" असं सेक्रेटरी म्हणाले तर जनरल बॉडीचा ठराव आणि जमा झालेला फंड दाखवा म्हणा. तळमजल्याच्या वर पहिला मजला मिळाला तरी सासऱ्यांना रोजच्या सोळा-अठरा पायऱ्या जमतील का ते त्यांनाच फ्लॅट बघायला घेऊन जाऊन ठरवा.

लातूरकर_पुण्यात

शनिवारी वारज्यात दोन आणि बावधनला एक बघतोय, तिन्ही लिफ्टवाल्या. बावधनच्या साईटला पाणी मनपाचं की टँकर ते शेजारच्या सोसायटीत विचारून इथे लिहिते. आबा, झोन दाखला रीसेलला पण काढायचा का?

सिव्हिल_आबा

काढा. फ्लॅटची चिंता नाही, पण समोरचा मोकळा प्लॉट उद्या काय होणार ते त्यातच कळेल. बिल्डिंगसमोरून डीपीत रस्तारुंदी दाखवली असेल तर पार्किंग जातं, तेही बघून घ्या.