सक्सेसरला 'वारस' म्हणायचं का?

डावीउजवी: डिप्लोमाच्या पोरांसाठी बायनरी सर्च ट्रीच्या (कॉम्प्युटरमधलं आकड्यांचं झाड, लहान आकडे डावीकडे, मोठे उजवीकडे) नोट्स मराठीत काढतेय. नोड (झाडातली एका आकड्याची जागा) डिलीट करायचं गणित आहे, वर ५०, डावीकडे ३०, उजवीकडे ७०, ७०च्या डावीकडे ६०. ५० काढला की त्या जागी इनऑर्डर सक्सेसर, म्हणजे चढत्या क्रमातला लगेच पुढचा आकडा येतो, इथे ६०. मी 'वारस' लिहिलं तर निम्म्या पोरांनी ७० वर चढवला, का तर वारस म्हणजे मूल, ६० तर नातू! काय लिहू मग?

शुद्धोदक: वारस मुळात अरबी. उत्तराधिकारी लिहा.

फेरफार: उत्तराधिकारी लिहा नाहीतर अजून काही, पोरं ७०च चढवणार. वारसनोंदीत मुलगा हयात असताना त्याच्या पोराचं नाव लागतं का कधी? पोरांचं बरोबरच आहे.

चिंचगोळी: शाळेत 'लगतची पुढची संख्या' शिकलो ना सगळे? झाड डावीकडून वाचत गेलं की ३०, ५०, ६०, ७०. ५०च्या लगतचा पुढचा ६०, विषय संपला.

डावीउजवी: आकृतीत मावत नाही हो एवढं.

नलपॉइंटर: ७० चढवला तरी चालतं की, ३० ला ६०च्या डावीकडे टांगा, क्रम बिघडत नाही, फक्त असं करत गेलं की झाड लांबत जातं. ६० घ्यायचा तो सोयीसाठी, त्याला डावं मूल असूच शकत नाही, असतं तर तेच सक्सेसर झालं असतं, म्हणून उचलायला सोपा.

शुद्धोदक: आणि हे 'नोड' काय? 'गाठ' म्हणा की.

ऊसकरी: गाठ नको, पेर म्हणा.

शुद्धोदक: पेर म्हणजे दोन गाठींच्या मधला भाग. बोटाचं पेर बघा.

चिंचगोळी: विज्ञानाच्या पुस्तकात उलटं आहे, पान फुटतं ती जागा पेर, दोन पेरांमधलं ते कांडं.

फेरफार: आमच्याकडे ऊस पेरापेराने सोलून खातात, गाठ कोण खातं?

डावीउजवी: अहो सक्सेसरचं सांगा ना कुणीतरी, उद्या प्रिंट द्यायचीय.

ऊसकरी: ताई, सक्सेसरच ठेवा, पोरांना मुलाखतीत तेच विचारणारेत. आणि चिंचगोळी, कांडं आम्ही लावणीला तोडतो, दोन डोळ्यांची टिपरी, आता कोंब फुटतो तो डोळा असतो पेरावर, मग नुसतं मधलं कांडं लावून उगवेल काय?

चिंचगोळी: म्हणजे पेर म्हणजे जोडच ना! मी तेच म्हणतेय.

शुद्धोदक: बोटाचं काय मग?