भाचा 'टोपोलॉजी' करतो म्हणजे नक्की काय करतो?

गिरगावची मावशी:
भाचा कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेत) भौतिकशास्त्रात पीएचडी करतोय. थिअरीवाला, त्यामुळे लॅब दाखव म्हटलं की फळा दाखवतो. रविवारी आईने (वय ८१) विचारलं, "अरे, पण तू करतोस काय?" याने ताटातला मेदूवडा आणि बटाटेवडा उचलला. "आजी, याला भोक आहे, याला नाही. मी भोकं मोजतो." आईला तेव्हापासून त्याच्या लग्नाची काळजी लागलीय. पण खरंच, घन पदार्थात भोक कुठलं आलं? समीकरणं न घालता कोणी सांगेल का?

मुलुंडचा मास्तर:
मावशी, दोष भाच्याचा नाही. २०१६चं भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर करतानाही समितीतल्या एकाने पाव, बेगल आणि प्रेट्झेल दाखवले होते. तेव्हापासून सगळे खाण्यावरच आलेत.

पदार्थात भोक नसतंच. वटपौर्णिमेचा दोरा आठवा. खोड वेडंवाकडं, दोरा कुठे सैल, कुठे घट्ट. पण टोकं एकमेकांना बांधलीत की फेरे सात म्हणजे सात, साडेसहा होत नाहीत. कमी करायचे तर दोरा तोडायलाच हवा. स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनच्या लहरीही, संवेग (इलेक्ट्रॉनच्या गतीचं माप) बदलत नेला की, अशाच फेरे घेतात. भाचा मोजतो ते हे. ताणून-वाकवून न बदलणाऱ्या अशा मोजणीचं गणित म्हणजे टोपोलॉजी.

१९८०मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग या भौतिकशास्त्रज्ञाला ग्रेनोबलमध्ये अतिथंड सिलिकॉन ट्रान्झिस्टर जबर चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यावर हॉल रोध (प्रवाहाला आडवं मोजलेलं व्होल्टेज भागिले प्रवाह) पायऱ्या-पायऱ्यांनी मिळाला: २५,८१२.८०७ ओहम भागिले एक पूर्णांक. नमुन्यात अशुद्धी होतीच, तरी आकडा हलेना. हा पूर्णांक म्हणजे फेऱ्यांची संख्या, हे थाउलेस आणि तिघा सहकाऱ्यांनी १९८२मध्ये दाखवलं. बाहेरून चुंबक न लावताही हे जमेल, असं हाल्डेनने १९८८मध्ये कागदावर मांडलं. प्रयोगात तसा परिणाम दिसायला २०१३ उजाडलं. तेव्हा फळ्याला हसू नका.

गिरगावची मावशी:
हसले नाही हो! पण तो म्हणतो, आतून वीज जात नाही, काठाने जाते. असं का?

मुलुंडचा मास्तर:
आत सात फेरे, बाहेर शून्य. मध्ये कुठेतरी दोरा तुटल्याशिवाय सात संपणार कसे? तो काठावर तुटतो, आणि तिथेच वीज वाहायला वाट मिळते. तीही एकेरी. संध्याकाळी सहाचा दादरचा पूल घ्या. मध्ये कोणी पाटी घेऊन बसलं तर गर्दी वळसा घालते, मागे वळत नाही. उलटी जाणारी वाट पदार्थाच्या पट्टीच्या पलीकडच्या काठाला, आणि मधून ओलांडायची सोय नाही. म्हणून अशुद्धीने अडत नाही.

ओहममीटर:
मी अंधेरीला कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे मापन-उपकरणं बरोबर दाखवतात का ते तपासण्याच्या कामात आहे. आमचा प्रमाणित रेझिस्टर तेलात बुडवून, तापमान सांभाळून ठेवतो, तरी वर्षागणिक किंमत किंचित सरकतेच. मग तो तुलनेला पाठवा, तो येईपर्यंत कामं तुंबतात, गिऱ्हाईक फोनवर ओरडतं. तुलनेच्या त्या साखळीच्या वरच्या टोकाला आज क्लिट्झिंगचा हाच परिणाम असतो. २० मे २०१९पासून तर हा आकडा मोजायचाही उरला नाही, व्याख्येतूनच ठरतो. भाच्याला सांगा, गिऱ्हाईक आहे.

गिरगावची मावशी:
आईला दोऱ्याचं सांगितलं. लगेच पटलं. मग म्हणाली, "आणि सगळाच दोरा तुटायच्या बेताला आला की त्या पदार्थाचं काय होतं?" भाच्याला फोन लावून दिला. वीस मिनिटं झाली, अजून चालू आहे.